दुसऱ्याचा रवंथ

बानाबाईनं वहाणा पायरीवर काढल्या आणि खुर्चीकडे न बघता ती भिंतीला टेकून खालीच बसली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेले कागद काढून तिनं बद्रीनाथच्या पुढ्यात ठेवले, कारण समोरच्या दोघांत चष्मा त्याला होता.

"तपास मी नाही करत, हे करतात," म्हणत बद्रीनाथनं पुंडलिकरावांकडे बोट दाखवलं.

सत्त्याऐंशी साल होतं. गुलमंडीवर भांड्यांच्या दुकानावरची ही खोली. पुंडलिकराव मुदतीआधी नोकरी सोडलेले पोलीस जमादार, आणि बद्रीनाथ महापालिकेतला निवृत्त कारकून. इंग्रजी कागद वाचायला आणि आधी चुकीचा अंदाज बांधायला पुंडलिकरावांना तो लागत असे. दुसरं काम तो पहिल्याहून चोख करी.

"माज्या लेकाला कंपनीतून काढलं," बानाबाई म्हणाली. "कारभारी त्याचं नाव. आमी पिशोरकडले, मेंढरं राखणारे. आमच्यात मशीनवर गेलेला तो पयला. आता चिकलठाण्यात कुनी दारात उभं करीना. सोमवारी लेबर सायबापुढं सुनावणी हाय. ही चिठी कुनी लिवली ते कळलं पायजे."

कंपनीनं नोटिशीला जोडलेली ती चिठ्ठी इंग्रजीत होती, बॉलपेननं मोठ्या अक्षरांत, खाली सही नाही. सोबत पाकिटाचीही झेरॉक्स होती. त्यावरचा पोस्टाचा शिक्का दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारचा.

बद्रीनाथनं वाचत वाचत मराठी केलं. कारभारी विद्यापीठाच्या नामांतरासाठी कामगारांच्या सह्या घेतो. येत्या सोमवारी तो अख्खी पाळी कामावरून बाहेर काढणार आहे. "'ही इज बायटिंग द हँड दॅट फीड्स हिम', म्हणजे खाऊ घालणाऱ्या हातालाच चावतोय. 'ही हॅज बिटन ऑफ मोर दॅन ही कॅन च्यू', म्हणजे चावता येणार नाही एवढा घास घेतलाय. मग लिहिलंय, 'ही इज च्यूइंग अनदर मॅन्स कड'." तो थांबला. "हे 'कड' काय ते बघावं लागेल."

त्यानं शब्दकोश काढला. "रवंथ. म्हणजे, दुसऱ्याचा रवंथ करतोय."

बानाबाईनं मान वर केली. "हे तर आमच्या मामंजींचं बोलणं हाय. दुसऱ्याचं ऐकून कुनी बोलाया लागला की म्हणायचे, कशाला दुसऱ्याचा रवंथ करतोस? हे विंग्रजीत कसं गेलं?"

पुंडलिकरावांनी फुटाण्यांची पुडी बाजूला ठेवली. "शेवटी काय लिहिलंय?"

"'मुलगा कामाला उत्तम आहे. कृपा करून त्याची पुण्याच्या कारखान्यात बदली करावी.' लबाड माणूस आहे. वर चावतो आणि खाली कुरवाळतो."

"पाळी बाहेर काढणार होता का तो?"

"नाय जी," बानाबाई म्हणाली. "सह्या घेतल्या, त्याबी गेटाभाईर, जेवणाच्या सुट्टीत. पाळीचं कुनी मनानं घातलंय. पर लिवणाराच सांगंल तवा खरं."

कारभारी मुकुंदवाडीत एका खोलीत राहत होता. तेवीस वर्षांचा, बोलायला कमी. त्यानं दर रविवारच्या इंग्रजी वर्गाची फाइल पुढं केली. सुपरवायझरची एक जागा निघाली होती, मुलाखत इंग्रजीत होणार होती, म्हणून तो समर्थनगरात व्यंकटराव सरांकडे जात होता.

व्यंकटराव सरांचं नाव ऐकून बद्रीनाथ हळवा झाला. शाळेत त्याला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं. त्याची कारकुनीही त्या इंग्रजीवरच लागली होती.

फाइलमधला शेवटचा कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. वर शीर्षक, 'चावणे आणि चघळणे', आणि खाली वीस इंग्रजी वाक्प्रचार अर्थांसकट. विसावा होता तो रवंथाचा.

"हा कागद कधी मिळाला?"

"चिठ्ठीच्या त्या गुरुवारनंतरच्या रविवारी. पर त्यातलं शेवटचं माझंच हाय," कारभारी म्हणाला. "त्याच आठवड्यात बुधवारी सरांकडं गेलो व्हतो. ते असले शब्द गोळा करत व्हते. आजा काय म्हणायचा ते मी सांगितलं. सरांनी तिथंच इंग्रजी केलं, वहीत लिहिलं. लई खूश झाले."

"अजून काय बोलणं झालं?"

"सह्यांचं सांगितलं. बाकी काय नाय."

"आणि हे इंग्रजी तू कुणाला ऐकवलंस?"

"कुणाला ऐकवू? मेंढरांचं बोलणं. लोक हसत्यात."

बाहेर पडताच बद्रीनाथनं अंदाज बांधला. "त्या जागेसाठी दुसरा कोण होता ते बघा. तोच असणार."

दुसरा होता वैजनाथ. त्याच कंपनीतला आणि त्याच वर्गातला. त्यानं आधी हात पुढं केला. "ती चिठ्ठी बघू." बघून परत दिली. "जागा मला मिळाली. वाईट वाटतं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून म्हणत नाही."

"सरांच्या वर्गाचे कागद कोण छापतं?"

"मीच. सायक्लोस्टाइलचं मशीन मी फिरवतो, त्याबदल्यात सर फी घेत नाहीत. हे स्टेन्सिल शनिवारी संध्याकाळी हातात आलं. वाचलंसुद्धा नाही. रविवारी वर्गात मीच विचारलं, सर, 'कड' म्हणजे काय. अख्खा वर्ग हसला."

स्टेन्सिल कापणारी सरांची मुलगी पद्मजा. तिनंही चिठ्ठी मागून घेतली आणि दोनदा वाचली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"मी नांदेडला आत्याकडे होते," ती म्हणाली. "शुक्रवारी रात्री एसटीनं आले, शनिवारी सकाळी टाइप केलं. तोवर ती वही बाबांच्या टेबलाच्या खणात होती. खणाला कुलूप असतं." मग म्हणाली, "कारभारीला नोकरी परत मिळेल ना?"

व्यंकटराव सर आतल्या खोलीत होते. बद्रीनाथ वाकून पाया पडला. सरांनी पाठीवर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "कारभारी नीट जेवतो का रे?"

पुंडलिकरावांनी वर्गाबद्दल विचारलं, तशी सरांची कळी थोडी खुलली. "इंग्रजी आणि मराठी, दोघींनाही जीभ चावता येते," ते म्हणाले. "पण आपला माणूस बोलून झाल्यावर जीभ चावतो, आणि इंग्रज बोलायच्या आधी. मी हे दरवर्षी शिकवतो."

"कुणी लिहिलं असेल, सर?"

"मला काय कल्पना," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी बद्रीनाथला ग्रंथालयात धाडलं. त्यानं तीन जाडजूड कोश चाळले. रवंथ करणं, म्हणजे विचार घोळवणं, एवढं इंग्रजीत होतं. दुसऱ्याचा रवंथ कुठंच नव्हता.

रविवारी वर्ग सुटल्यावर पुंडलिकरावांनी मंडळींना सरांच्या बैठकीत थांबवून घेतलं. सर, पद्मजा, वैजनाथ, कारभारी, आणि दाराशी बानाबाई. बद्रीनाथला तिथं बसवत नव्हतं. काय ऐकावं लागणार, हे त्याला कालपासून कळून चुकलं होतं.

"हा वाक्प्रचार इंग्रजीत नाही," पुंडलिकराव म्हणाले. "पिशोरकडच्या एका म्हाताऱ्याचं ते बोलणं. बुधवारी त्याचं इंग्रजी झालं, याच घरात. चिठ्ठी गुरुवारी पोस्टात पडली. वर्गाला कागद मिळाला रविवारी. वैजनाथनं स्टेन्सिल शनिवारी संध्याकाळी पाहिलं, आणि रविवारीसुद्धा त्याला 'कड'चा अर्थ ठाऊक नव्हता. साक्षीला अख्खा वर्ग आहे. पद्मजाताई शुक्रवारी रात्रीपर्यंत गावात नव्हत्या. कारभारीनं कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी ते वाक्य दोघांपाशीच होतं. एक कारभारी, दुसरी ती वही."



"मला अडत होतं ते कारणापाशी," पुंडलिकराव पुढं म्हणाले. "वैरी असता तर हाकला म्हणाला असता. यानं कामाची तारीफ केली, पुण्याला पाठवा म्हणून विनवलं. हा पोराच्या भल्यासाठी झुरणारा माणूस. चिठ्ठी सगळ्यांनी बघायला मागितली, एकट्या सरांनी नाही. त्यांना ती बघायची गरज नव्हती. ते पोर जेवतं का, एवढंच विचारत होते."

बद्रीनाथ सरांकडे बघू शकला नाही.

"मी लिहिली," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच स्वच्छ होता. "त्यानं सह्यांचं सांगितलं आणि मला झोप लागेना. अशा भानगडीत पोरांचे हातपाय मोडलेले मी पाहिलेत. वाटलं, पुण्याला गेला तर वाचेल. नुसत्या सह्यांनी कुणी बदली करणार नाही, म्हणून पाळी बाहेर काढण्याचं मी पदरचं घातलं. काढून टाकतील असं मनातसुद्धा आलं नाही. उद्या लेबर ऑफिसरसमोर हे सगळं सांगतो."

"या," कारभारी म्हणाला. "नोकरी पायजे मला."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"सर, मला कुनी भरीस घातलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरला मी चौदा वर्षांचा व्हतो. आमची मेंढरं लांबच्या एका गावात बसवलेली. नामांतराच्या दंगलीत तिथली दलित वस्ती पेटवली. ज्या घरचं पाणी आमी महिनाभर प्यायलो, ते घरबी जळालं. त्या घरातला प्रल्हाद माझ्याबरोबर विट्टीदांडू खेळायचा. मी बांधावर उभा व्हतो. धावलो नाय, वरडलो नाय, मेंढरं सांभाळत उभा राहिलो. ह्या सह्या मी त्याच्यापायी घेतल्या. दुसऱ्याचा रवंथ नव्हता त्यो."

"हे मला कधी का नाही सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"सह्या घेतो म्हणालो तवा तुमी माझं वाक्य दुरुस्त केलं, सर. का घेतो, ते विचारलं नाय."

बानाबाई पदर सावरत उठली. "तुमी वाईट नाय, गुरुजी," ती म्हणाली. "पर येक डाव त्याला विचारायचं व्हतं."

सोमवारी सर गेले. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, एकही शब्द स्वतःच्या बाजूनं न वळवता. नोटीस रद्द झाली आणि कारभारीला मशीन परत मिळालं. सुपरवायझरची जागा वैजनाथकडेच राहिली. बद्रीनाथला वाटलं, आता सगळं हळूहळू रुळावर येईल. पण अंदाज बांधायचं त्याचं काम तो नेहमीसारखंच करत होता.

कारभारी वर्गाला पुन्हा आला नाही. दिवाळीनंतर सर स्वतः मुकुंदवाडीला गेले. एकदा नव्हे, तीनदा. परतताना तिसऱ्या वेळी ते गुलमंडीचा जिना चढून बद्रीनाथकडे आले.

"बसायला दिलं," ते म्हणाले. "चहा दिला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, पद्मजाची केली. तिन्ही वेळा सगळं इंग्रजीत बोलला, बद्री. मी मराठीत विचारायचो आणि तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, परक्या माणसाशी बोलावं तसं. एक चूक नव्हती रे. तासाभरात एकसुद्धा चूक नव्हती."

एवढं बोलून सर रडायला लागले.