डोळ्यांची आखणी

त्या सालापर्यंत पेणच्या कारखान्यांतून माती हद्दपार झाली होती. घरोघरी उजेडाचे गणपती बसत. पाटावर एक डबी ठेवायची, तिच्यातून प्रकाशाची मूर्ती उभी राहायची आणि अनंत चतुर्दशीला कळ दाबली की झालं विसर्जन. डोळे मात्र अजून माणसानेच काढायचे, कारण यंत्राचे डोळे लोकांना पसंत पडेनात. म्हणून तर बहात्तराव्या वर्षी मोरेश्वर म्हात्रे पडद्यावर चित्र काढायला शिकत होते. सोंड-बिंड कुणीही रंगवावी, डोळे म्हात्र्यांचेच, असा त्यांचा लौकिक होता.

प्रशिक्षण केंद्रात शिकवत होत्या डॉ. रेवती टिपणीस, पण खरा मास्तर पेन. कुंचल्याची रेघ म्हणजे नुसता रंग नव्हे, असं त्या समजावून सांगत. हात कुठे दाबला, कुठे उचलला, कुठून कुठे गेला, हे सगळं रंगाच्या थरात राहून जातं. विसर्जन न करता देवळांत, संग्रहांत जपलेल्या म्हात्र्यांच्या साडेतीनशे जुन्या मूर्तींचे डोळे तपासून यंत्राने ते गोळा केलं होतं. त्याला म्हणायचं ‘हातवळण’. हे हातवळण पेनात भरलेलं असे. शिकणाऱ्याची रेघ चुकली की पेन हलकेच हात ओढून वाटेवर आणी आणि पडद्यावर गुण उमटत.

म्हणजे साक्षात म्हात्रेच म्हात्र्यांना शिकवणार. नापास व्हायचा प्रश्नच कुठे होता? पहिल्या दिवशी मिळाले बारा टक्के. महिनाभर घाम गाळला तरी चौदाच्या वर आकडा सरकेना. ते रेघ नाकाकडून कानाकडे नेत, तर पेन हट्टाने उलटं ओढी.

याचं कारण त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. ते डोळे त्यांचे नव्हतेच. ते इंदूचे, त्यांच्या बायकोचे. इंदू डावरी होती. देवाला डावा हात लावायचा नाही, असा म्हात्र्यांच्या घरचा दंडक. म्हणून मूर्ती आत जाई, दार लागे, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं जाई की मोरेश्वर एकांतात डोळे आखतो. एकांतात तो सुपारी कातरत बसायचा. त्या डोळ्यांसाठी मिळालेला पुरस्कार घ्यायला तो निघाला तेव्हा तिने त्याच्या उपरण्याची घडी नीट केली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता तोच हात पेनातून रोज त्यांचा हात ओढत होता.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या की हातवळण नोंदवतानाच घोळ झाला असावा. जुनं पुसून टाकू आणि काकांचं नवं घेऊ.

“पुसू नका,” म्हात्रे म्हणाले. “तो हात माझ्या बायकोचा आहे.”

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी नियम सांगितला. हात ज्याचा, नाव त्याचंच लागायचं, आणि त्याला पुरावा हवा. इंदूबाईंच्या सहीचं एखादं चित्र, एखादा कागद? बेवारशी हातवळण ठेवता येत नाही, ते पुसावंच लागतं.

म्हात्रे घरी गेले. फडताळ, ट्रंका, माळा, सगळं धुंडाळलं. तिची रांगोळीची वही कधीच बंबात गेली होती. तिने नाव घातलेला एक कागद सापडेना, आणि सापडणार तरी कसा? सही करायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती. खरं बोललं तर इंदू पुसली जाणार होती. आपल्याच पापाने आपल्याला असं कोंडीत धरावं, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर आले आणि डॉक्टरांकडे न बघता म्हणाले, कालचं मनावर घेऊ नका, म्हातारपणी माणूस काहीही बरळतो. डॉक्टरांना समजायचं ते समजलं. त्यांनी नोंदीचा फॉर्म पडद्यावर उघडला.

“काका, रेघा डावऱ्या हाताच्या आहेत. तिथे काय लिहू?”

“लहानपणी डावरा होतो म्हणून लिहा,” म्हात्रे म्हणाले. “वडिलांनी मारून सवय मोडली.”

तिचा डावा हातही आता त्यांचा झाला. फॉर्मच्या तळाशी, हातवळणाच्या मालकाच्या रकान्यात, त्यांनी त्याच पेनाने सही करायला घेतली. पेन आता ओढेल म्हणून ते थांबले. ओढलंच तर सगळं टाकून पळत सुटायचं, असं त्यांच्या मनात आलं.

पेन हललं नाही. सही तिने कधी केलीच नव्हती, त्यामुळे तिथे दुरुस्त करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

मोरेश्वर म्हात्रे. पडद्यावर गुण उमटले: शंभर टक्के.