संगमावरची हाक

श्रीदेवीच्या माहेरी, अक्कलकोटकडं, एक रीत होती. देवाला जा की नदीवर, निघताना मागं वळून लेकरांना नावानं हाक मारायची, "मनेगे बा." घरी चल. लेकरानं ओ द्यायची, मगच पाऊल उचलायचं. नाहीतर अंग तेवढं घरी येतं आणि जीव तिथंच खेळत बसतो, असं तिची आई सांगायची. श्रीदेवी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण सवय कुठं सुटते? "झाली का हजेरी, मॅडम?" असं म्हणून तिचा नवरा मल्लिनाथ दरवेळी चिडवायचा.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा थोरला, संगमेश, तापानं गेला. त्या दिवसापासून धाकटी काव्या मुकी झाली. आठ वर्षांची पोर, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घरातून बाहेर काढा तिला. म्हणून जानेवारीत मल्लिनाथनं बँकेतून रजा काढली आणि मंद्रूपजवळ एक शेतघर भाड्यानं घेतलं. सकाळी निघायचं, एखादं ठिकाण बघायचं, दिवस मावळायच्या आत परत. स्वयंपाकाला गोजरबाई होत्या. त्या पहाटेच चूल पेटवून ज्वारीच्या भाकरी थापायच्या आणि शेंगाची चटणी घालून फडक्यात बांधून द्यायच्या.

भाकरी बघितली की श्रीदेवीला थोरला आठवायचा. संगमेश वरचा पापुद्रा अलगद सोलून बहिणीला द्यायचा. काव्या तेवढाच खायची, खालची भाकरी त्याची.

पहिल्या दिवशी ते कुडलला गेले. भीमा आणि सीना तिथं मिळतात. तिथल्या संगमेश्वराला नवस बोलूनच पोरगा झाला होता, म्हणून नाव संगमेश. देवळात गार होतं, तेलाचा आणि वटवाघळांचा वास होता. काव्या घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून गप्प बसली. ऊन उतरलं तशी श्रीदेवी मागं वळली आणि बोलून गेली, "संगमेश, काव्या, मनेगे बा."

तिनं जीभ चावली. मल्लिनाथ गाडीचं दार धरून तसाच उभा राहिला. पाण्याकडून बारीक ओ आली. काव्या ओठ मिटूनच उठून आली आणि मागच्या सीटवर बसली. बसताना खिडकीकडं सरकली, दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी.

संध्याकाळी गोजरबाईंनी दुधाचे दोन पेले आणले.

"मावशी, एकच मूल आहे आम्हाला," मल्लिनाथ म्हणाला.

"आसं कसं? गाडीतनं दोगं उतरल्याली बगितली की म्या." मग त्याचा चेहरा बघून त्या एक पेला घेऊन मागं फिरल्या.

दुसऱ्या दिवशी माचणूरच्या वाटेवर मागच्या सीटवरून खुदकन हसू आलं. मग आवाज आला, "बाबा, काच वर करा ना. त्याला गार लागतंय."

इतक्या महिन्यांनी पोर बोलली! श्रीदेवीला रडूच कोसळलं. कुणाला गार लागतंय, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. आणि परतताना भीमेच्या काठावर तिनं पुन्हा दोन्ही नावं घेतली, या वेळी जाणूनबुजून. मल्लिनाथनं ऐकलं. त्यानं डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. आईबापाचा जीव तो, शहाणपण कुठून आणायचं?

पण पोर सुकायला लागली. दिवसभर बडबडायची, मात्र ताटाला हात लावायची नाही. "त्यानं खाल्लं," म्हणायची. ताटातली भाकरी संपलेली असायची आणि तिच्या गळ्याची हाडं वर यायची. हात भर उन्हात गार. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, सगळं नीट होतं.

गोजरबाई मोरीपाशी भांडी घासत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ताई, एका ताटात दोगं जेवायलेत. लेकरू वाळंल की."

सकाळी श्रीदेवीनं मल्लिनाथला सांगितलं, "आज परत कुडलला जायचं. मी एकट्या काव्याच्याच नावानं हाक मारणार आहे."

"जमेल का तुला?"

"ही तरी राहू दे मला," ती म्हणाली.

दिवस कलला. घाटावर कुणी नव्हतं. काव्या पायरीवर पाठमोरी बसली होती. श्रीदेवीनं पदराचा बोळा मुठीत आवळला. संगमेश, बाळा, तू इथंच थांब देवापाशी, असं ती मनात म्हणाली. मग मोठ्यानं हाक मारली, "काव्या, मनेगे बा."

कुणी ओ दिली नाही.

"काव्या!"

पाणी पायरीवर आपटत राहिलं.

"काव्या, मनेगे बा गं!"

"ओ."

पोर उठली, फ्रॉक झटकला आणि पळत येऊन तिच्या कमरेला बिलगली. हात उबदार होते. श्रीदेवीनं तिचे मुके घेतले, वळून एकदाही न बघता तिला गाडीत बसवलं.

मागच्या सीटवर आज कुणी सरकलं नाही, कुणी हसलं नाही. मल्लिनाथनं मोठा श्वास सोडला.

"आई, भूक लागली."

श्रीदेवीनं फडकं सोडून अख्खी भाकरी मागं दिली. चावण्याचा आवाज येत राहिला. किती दिवसांनी पोर पोटभर जेवत होती!

मंद्रूपचे दिवे दिसायला लागले, तेव्हा तिनं मागं वळून बघितलं.

खालची भाकरी संपली होती. वरचा पापुद्रा अलगद सोलून, न मोडता, खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला होता.

"खा की तोही," ती कशीबशी म्हणाली.

पोरीनं नाही म्हणून मान हलवली.

"तो काव्याचा आहे. तिला हाक ऐकू गेली नाही."