पेंढ्यात गुंडाळलेलं जंगल

"हे काय आहे?" ड्रायव्हरच्या सीटवरून मेरियलनं विचारलं.

बसच्या दारात एक माणूस उभा होता आणि त्याच्या कवेत होतं एक झाड. जाड, केसाळ, तपकिरी सोट, त्याच्या छातीपर्यंत उंच. वरच्या हिरव्या झावळ्या सुतळीनं करकचून बांधलेल्या. बाहेर हॅलिफॅक्सचा ऑक्टोबरातला पाऊस तिरपा कोसळत होता, आणि माणूस आणि झाड दोघंही सारखीच निथळत होती.

"नेचा आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"झाड आहे ते."

"झाडासारखा दिसतो, पण नेचाच आहे. वाढायला फार वर्षं लागतात याला. म्हणून तर…"

"म्हणून तर काय? नियम आहे. पायाशी मावेल एवढंच सामान."

त्यानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं, मग वर झावळ्यांकडे. चष्म्यावर वाफ साचली होती, त्यामुळे त्याला नक्की काय दिसलं कोण जाणे. "पाय मोठे आहेत माझे," तो म्हणाला.

मेरियलनं ओठ दाबून धरले. हसायचं नाही असा तिचा गाडीवरचा शिरस्ता होता. एकदा हसलं की लोक कुत्री आणतात, शिड्या आणतात, सोफेसुद्धा आणतात.

पुढच्या सीटवरून विनीबाई ओरडल्या. बाजाराच्या दिवशी त्या नेमानं याच बसला असायच्या. "अगं पोरी, घे ना आत! दार उघडं ठेवून माझे गुडघे गारठवलेस. आणि दिसायलाही बरा आहे."

"कोण, झाड?"

"दोघंही."

बस हसली. मेरियलही हसली, आणि मग नाही म्हणायची सोयच उरली नाही.

चढ लागला. बस वळणावळणानं वर चढू लागली तशी ती आरशात बघत राहिली. आरशात बघणं तिचं कामच होतं, पण आज ती जरा जास्तच बघत होती. प्रत्येक वळणाला तो त्या केसाळ सोटाला मिठी मारायचा, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा… आणि एकदा त्यानं वर पाहिलं. नेमकं आरशात. मेरियलनं घाईघाईनं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

*

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांना डोळे तपासून यायला सांगितलं. मेरियल चष्म्याच्या दुकानात गेली, आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसली, आणि दार उघडून आत आला तो… तोच.

"तुम्ही!" दोघं एकदमच म्हणाली.

त्याचं नाव रूबेन शॉ. अंगावर इस्त्रीचा शर्ट, चष्मा लख्ख. कामाला लागल्यावर मात्र तो भलताच गंभीर झाला. हनुवटी इथं टेका, कपाळ तिथं टेका, पापणी मिटू नका. मग बारीक दिवा घेऊन तो इतका जवळ आला की मेरियलला त्याच्या श्वासाला येणारा पेपरमिंटचा वास आला.

"माझ्या कानाकडे बघा," तो हळूच म्हणाला.

"बघतेय. लाल झालाय."

"…हीटर आहे खोलीत."

"मला तर कुठे दिसला नाही."

"अंधारात फारच चांगलं दिसतं तुम्हाला."

"म्हणजे पास?"

"पास." त्यानं खोलीतला दिवा लावला आणि चटकन टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मेरियलच्या लक्षात आलं, या टेबलाच्या पलीकडे असेपर्यंत हा माणूस कामाखेरीज एक अक्षर बोलणार नाही. तिला ते आवडलं. पण मग कुणीतरी बोलायला हवं होतं.

ती कोट चढवून दारापर्यंत गेली. वळली. "झाड कसं आहे तुमचं?"

"नेचा."

"तेच. कसं आहे?"

"जरा बावरलंय. रविवारी सगळ्या बागेलाच गुंडाळायचंय, थंडीच्या आधी."

"एकट्यानंच?"

"तसंच ठरलं होतं."

"मग आता बदला," मेरियल म्हणाली. तिचेही कान गरम झाले होते, पण ते दिसण्याइतका तो आता जवळ नव्हता.

*

रूबेनचं घर टेकडीवरच्या एका गल्लीत, धुरानं काळवंडलेल्या दगडी घरांच्या रांगेत होतं. समोरून बघितलं तर शेजारच्या घरात आणि त्याच्या घरात काडीचा फरक नाही. पण त्यानं मागचं दार उघडलं आणि मेरियल उंबऱ्यावरच थांबली.

मागं अंगण नव्हतंच. जंगल होतं. केळीची पानं तिच्या डोक्यावरून पलीकडे वाकली होती आणि त्यांच्यावर पाऊस टपटप वाजत होता. छत्रीएवढ्या पानांची झाडं, ताड, लालभडक कर्दळी, आणि सगळ्यांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. वाटेच्या टोकाला, बसमधून आलेला तो नेचा. सुतळी सुटल्यावर त्यानं झावळ्या अशा पसरल्या होत्या की जणू घर त्याचंच होतं.

"केळी लागतात?" तिनं विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"लागली तर बोटाएवढी. आत नुसत्या बिया."

"मग कशाला एवढा खटाटोप? या गावात, या थंडीत?"

त्यानं विळा उचलला. "मला थंडी सोसत नाही, आणि हॅलिफॅक्स सोडवत नाही," तो म्हणाला. "आता सांगा, काय करायचं माणसानं?"

मग दोघं कामाला लागली. तो केळीची पानं सपासप कापायचा, उरलेल्या सोटाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल उभी करायचा, आणि मेरियल त्यात पेंढा कोंबायची. एका बाजूनं तिचा हात, दुसऱ्या बाजूनं त्याचा. मध्येच कुठेतरी पेंढ्याच्या आत बोटांना बोटं लागली. कुणीच हात मागे घेतला नाही.

"तुझे… तुमचे हात गार पडलेत," तो म्हणाला.

"पहिलंच बरोबर होतं."

"काय?"

"'तुझे'."

पाऊस टपटपत राहिला. रूबेन पेंढ्याकडे बघत एकटाच हसला. आणि बहुधा म्हणूनच मेरियलला वाटलं, आता सांगून टाकावं. उशीर केला तर ते फसवल्यासारखं होईल.

"रूबेन, मी मे महिन्यात चाललेय. ब्रिस्बेनला. माझी बहीण ऑड्री असते तिकडे. तिथल्या बसवर नोकरी ठरलीय माझी." ती थांबली. "मलाही थंडी सोसत नाही. पण मला गाव सोडवतं."

जाळीपलीकडचा हात क्षणभर स्तब्ध झाला. मग त्यानं पेंढ्याची आणखी एक पेंढी सोडली आणि नीट पसरून आत घातली.

"तिकडे नेचे रानात उगवतात," तो म्हणाला. "गुंडाळावं लागत नाही त्यांना. छान होईल तुझं."

एवढंच म्हणाला तो. मेरियलला उगीचच त्याचा राग आला.

*

राग आला तरी ती पुढच्या रविवारी गेली. त्याच्याही पुढच्या रविवारी गेली. बागेत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पांढऱ्या कापडात बांधलेली झाडं रांगेनं उभी होती, तरी दोघं खिडकीशी बसून त्यांच्याकडे बघायची, चहा प्यायची, टोस्टवर चीज वितळवून खायची. तो तिला झाडांची लांबलचक नावं शिकवायचा, ती मुद्दाम चुकीची म्हणायची. नाताळात त्यानं तिला लोकरीचे हातमोजे दिले. "ब्रिस्बेनला काय करू यांचं?" तिनं चिडवलं. ब्रिस्बेनचं नाव निघालं की तो नेहमी भला माणूस व्हायचा, तिकडच्या उन्हाबद्दल, समुद्राबद्दल उत्साहानं बोलायचा… आणि मेरियल कपाच्या तळाशी बघत राहायची.

फेब्रुवारीत त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तो तिच्याकडे स्कारबरोला गेला, आणि नेमकं त्याच आठवड्यात पूर्वेचं वारं सुटलं. रात्रभर घोंघावलं. सकाळी बर्फानं रस्ते बंद, बस बंद. मेरियल डेपोत उभी होती तेव्हा त्याचा फोन आला.

"तिकडे फार नाही ना?"

"छे. भुरभुर आहे नुसती," ती म्हणाली, आणि फोन ठेवून टेकडीच्या दिशेनं चालू लागली.

घोट्याच्या वर बर्फ होता. नेहमी ती गाडीतून चढायची तो चढ पायांनी चढताना छाती फुटायची वेळ आली. मागच्या भिंतीवरून उडी मारून ती आत उतरली. वाऱ्यानं कापडं फाडली होती. जाळ्या वाकल्या होत्या, पेंढा अंगणभर उधळला होता. आणि नेचा उघडा पडला होता. त्याच्या शेंड्यातल्या खळग्यात, जिथून नवे कोंब फुटतात तिथं, बर्फ गच्च भरला होता.

हातमोज्यांनी तो निघेना. तिनं ते काढून फेकले आणि उघड्या बोटांनी बर्फ उकरायला सुरुवात केली. बोटं आधी दुखली, मग दुखायचीही थांबली. खिशात फोन वाजला. ऑड्री होती. "अगं, आम्ही समुद्रावर आलोय, ऐक लाटा!"

"नंतर कर ना, कामात आहे मी," मेरियल म्हणाली.

शेजारणीकडून तिनं दोन जुन्या रजया मागून आणल्या. जाळ्या सरळ केल्या, भिजका पेंढा वगळून कोरडा तेवढा पुन्हा भरला, केळी बांधल्या. सगळ्यात शेवटी कापड संपलं, दोरी संपली, आणि नेच्याचा शेंडा तेवढा उरला. तेव्हा तिनं अंगातलं जॅकेट काढलं आणि त्याच्या डोक्याला गुंडाळून बाह्यांची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी रूबेन स्टेशनवरून बर्फातून चालत घरी आला, तेव्हा मेरियल पुन्हा तिथंच होती, उरलंसुरलं बघत. त्यानं आधी बाग पाहिली. मग बस कंपनीचं पिवळंधमक जॅकेट घालून उभा असलेला नेचा पाहिला. तो हसायला लागला, खूप हसला… आणि हसता हसता त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"भुरभुर म्हणालीस," तो तसाच म्हणाला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? आईला सोडून आला असतास?"

त्यानं तिची लाल झालेली बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली आणि चोळत राहिला. आता म्हणेल, मेरियलला वाटलं. आता तरी…

"ब्रिस्बेनला असले ताप नसतील," तो म्हणाला.

*

मे उजाडला. गुंडाळलेलं सगळं सोडलं. केळीचे सोट काळे पडले होते, पण बुडाशी सुरळीसारखे हिरवे कोंब वर आले होते. ताड जगले होते. कर्दळींनी माती फोडली होती. नेचा मात्र तसाच मुका उभा होता. रूबेननं त्याच्या शेंड्यात बोटं घातली, दाबून पाहिलं, आणि हळूच बाहेर काढली. आतलं सगळं कुजून मऊ झालं होतं.

"गेला," तो म्हणाला.

मेरियल म्हणाली, "मी उशिरा पोचले."

"नाही गं. बाकीचं सगळं तुझ्यामुळेच आहे." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "निघतेस कधी? तारीख सांगितली नाहीस."

ती बोलणार एवढ्यात आभाळ फुटलं. गारा. मेमधल्या गारा! टपोऱ्या, टणटणत येणाऱ्या. दोघं धावत कोपऱ्यातल्या अवजारांच्या खोपटात शिरली. आत फावडी, कुंड्या, आणि दोघांपुरतीच जागा, तीही अंग चोरून. पत्र्यावर असा आवाज की ओरडूनच बोलावं लागत होतं. कदाचित म्हणूनच मेरियल ओरडली.

"एकदाही विचारलं नाहीस मला!"

"काय?"

"जाऊ नकोस म्हणून!"

रूबेन तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "या बागेतलं एकेक झाड परक्या मुलखातलं आहे, मेरियल. मी त्यांना विचारलं नाही. आणलं, लावलं, गुंडाळलं. दर हिवाळ्यात वाटतं, यांना कुणी विचारलं असतं तर ही इथं आली असती का? तू उन्हाकडे निघालेलीस. मी तुला… मला तुला गुंडाळून ठेवायचं नव्हतं."

"मी झाड आहे का?"

"नाही."

"मला तोंड आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. "चांगलंच आहे."

"मग विचार. विचारलं की मी उत्तर देते."

रोज चारचौघांच्या डोळ्यांत बिनदिक्कत बघणारा माणूस, आता तिच्या डोळ्यांत बघायला त्याला केवढा वेळ लागला! "राहशील का इथं?" तो म्हणाला. "म्हणजे माझ्यासाठीच असं नाही… नाही, चुकलं. माझ्यासाठीच. माझं प्रेम आहे तुझ्यावर. राहा ना."

"मी ईस्टरलाच ऑड्रीला नाही म्हणून कळवलंय," मेरियल म्हणाली.

तो बघतच राहिला. "ईस्टरला? आणि मला…"

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

"आणि मी नसतं विचारलं तर?"

"तर इथंच राहिले असते, आणि जन्मभर तुझ्याशी बोलले नसते."

"पण का? तुला तर गाव सोडायचं होतं."

मेरियलनं भिंतीला टेकवलेल्या फावड्याची माती नखानं खरवडली. "बर्फाच्या दिवशी ऑड्रीचा फोन आला होता. समुद्रावरून. दर वेळी तिचा फोन आला की मला रात्रभर झोप यायची नाही, इतका हेवा वाटायचा. त्या दिवशी मी तिला म्हटलं, नंतर कर, कामात आहे. आणि घरी गेल्यावर लक्षात आलं… मला काहीच वाटलं नव्हतं. हात बधिर, कपडे ओले, अंगावर जॅकेट नाही, आणि मी खुशीत होते. वेड्यासारखी खुशीत." तिनं वर पाहिलं. "आता काहीतरी बोल."

रूबेननं चष्मा काढून कुठल्याशा कुंडीत ठेवला, आणि त्या एवढ्याशा जागेत आणखी जवळ येणं शक्य होतं हे मेरियलला पहिल्यांदाच कळलं.

गारा कधीच थांबल्या होत्या. बाहेर पडायची घाई मात्र दोघांनाही नव्हती.