चादरींआडचं तापमान

"यंदाचा उन्हाळा किनारपट्टीवर सौम्य राहील" असं ज्याने कुणी लिहिलंय, त्याला माझ्या मावशीच्या इस्त्रीच्या टेबलाशी भर दुपारी तासभर उभं करायला हवं, असं मी बसथांब्यावर मोठ्याने बोलले. कुणाला उद्देशून नव्हे. शेजारचा माणूस वर्तमानपत्र वाचत होता, मी त्याच्या खांद्यावरून ते वाचत होते, आणि बातमीच अशी होती की गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घातली.

"भर दुपारी म्हणजे किती वाजता?"

"दोन वाजता. का?"

"उद्या येतो. ते... मीच लिहिलंय."

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. मी बस येईपर्यंत त्याला आणखी दहा मिनिटं सुनावलं. तो ऐकत राहिला आणि त्याचे कान लाल होत गेले.

मला राग का यायचा नाही? मावशी आणि मी समुद्रालगतच्या धुलाईघरात कामाला. इस्पितळाच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येतात. मी त्या आवारात दोऱ्यांवर वाळत घालते, मावशी आत इस्त्री करते. नगरपालिकेचा नियम असा, की उन्हाळ्याच्या अंदाजात आमच्या पट्ट्यासाठी 'सरासरीपेक्षा जास्त' असं आलं, तर अशी उष्णतेची कामं बारा ते चार बंद ठेवायची. मागच्या वर्षी ते आलं नाही, आणि मावशी इस्त्री हातात असतानाच कोसळली. पुन्हा असं झालं तर तिच्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काम सोडायला ती तयार नाही. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणतो, "अंदाज येऊ दे, मग बोलू." आला अंदाज, आणि म्हणे सौम्य. आईच्या मागे जिने मला लहानाचं मोठं केलं, तिचा जीव कुणीतरी पंख्याखाली बसून एका शब्दात निकालात काढला होता.

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला तो हजर. हातात तापमापक, डोक्यावर टोपी. टोपी बघून मी त्याला ओळखलं. आमच्या आवाराच्या बुटक्या भिंतीपलीकडे पायांवर उभी एक पांढरी झडपांची पेटी आहे. रोज दुपारी हाच टोपीवाला ती उघडून आत डोकावायचा. दोन वर्षं मी समजत होते की तो मधमाश्या पाळतो.

"मधमाश्या?" तो म्हणाला. "ती तापमानाची पेटी आहे."

"मग आत नीट बघत जा."

त्याने तासभर इस्त्री केली. सतरा उशांचे अभ्रे झाले, त्यातला एक जळला. घामाने सदरा अंगाला चिकटला, पण एकदाही बसला नाही. मावशीने त्याचं नाव लगेच 'पारा' ठेवलं. मी मात्र विरघळायला अजिबात तयार नव्हते.

त्याने तापमापक बघितला. "एकेचाळीस."

"मग? बदला अंदाज."

"हे खोलीतलं आहे. अंदाज बाहेरच्या, सावलीतल्या हवेचा असतो. मुख्य कचेरीतून मोठा नकाशा येतो. त्यात आपल्या पट्ट्यासाठी किती कमी-जास्त करायचं, ते मी पेटीतल्या जुन्या नोंदींवरून ठरवतो. आणि पेटी सांगते की इथे..."

"पेटी सांगते. माझी मावशी सांगते त्याचं काय?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि तो खिडकीबाहेर बघत तसाच राहिला. बाहेर माझ्या दोनशे ओल्या चादरी समुद्राच्या वाऱ्यावर फडफडत होत्या. त्यांच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे पेटी. वारा समुद्राकडून येत होता, चादरींतून गार होऊन थेट पेटीत शिरत होता. मला ते कळायला जरा वेळ लागला. त्याला लागला नसावा, कारण त्याचा चेहरा पार उतरला.

"या दोऱ्या केव्हापासून आहेत?" त्याने हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"आठ दिवस चादरी दुसरीकडे वाळत घालता येतील?"

"कुठे घालू, तुमच्या डोक्यावर?"

शेवटी गच्चीवर घातल्या. ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन दोन जिने चढताना मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दुसरी टोपली तो उचलायला लागला. चादरीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. झटकताना वारा मध्ये शिरायचा आणि चादर फुगून आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहायची. ती खाली बसली की तो आधीच माझ्याकडे बघत असायचा.

"चिमटा लावा," मी म्हणायचे.

"हो... लावतो."

अडीच वाजता आम्ही पेटीशी जायचो. झडप पटकन उघडायची, पटकन वाचायचं, श्वाससुद्धा रोखून धरायचा, नाही तर पारा चढतो. श्वास रोखून दोघांनी एकाच वेळी आत डोकावायचं म्हणजे काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. त्या आठ दिवसांत दीपगृहावरच्या दुसऱ्या पेटीशी तो पहिल्यांदाच रोज ताळा बघायला लागला, जुन्या नोंदींसकट. दोन वर्षं आमची पेटी दीपगृहाच्या जवळजवळ दोन अंश खाली असायची. माझ्या चादरी हलल्या आणि आठही दिवस दोन्ही पेट्या बरोबरीला आल्या.

म्हणजे दोन वर्षं या गृहस्थाने माझ्या ओल्या चादरींचा वारा अख्ख्या किनारपट्टीचं हवामान म्हणून लिहिला होता.

त्याने चूक लपवली नाही, एवढं मात्र खरं. स्वतःची चूक स्वतःच्या सहीने मुख्य कचेरीला कळवली आणि सुधारित अंदाज मागितला. चौथ्या दिवशी तो आमच्या फलकावर लागला. सरासरीपेक्षा जास्त. मॅनेजरने तोंड कडू करून बाराला शिट्टी वाजवली, आणि मावशीने इस्त्री उभी करून ठेवली. त्या दुपारी ती घरी जाऊन चार वाजेपर्यंत झोपली. मी आनंदाने पळतच भिंतीपलीकडे गेले. आणि तिथे, कुठली अवदसा आठवली कोण जाणे, मला प्रश्न सुचला.

"पण पेटीशेजारी काही नवीन आलं, तर ते लिहून ठेवायचं नसतं का?"

"असतं. दर महिन्याला. झाड, भिंत, बांधकाम... जे असेल ते. चोवीस महिने मी लिहिलं, 'काही नाही'."

"दोनशे चादरी तुम्हाला दिसल्या नाहीत?"

तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"मी रोज तिकडेच बघायचो. पण... चादरी नाही बघायचो."

क्षणभर मला ते गोड वाटलं. आणि त्याच्या मागोमाग संताप आला.

"म्हणजे माझी मावशी यासाठी पडली? तुम्ही मला बघत होतात म्हणून?"

"हो," तो म्हणाला. एवढंच. सारवासारव नाही, काही नाही.

पाच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. चादरी गच्चीवरच घालत राहिले, आणि भिंतीकडे पाठ करून. सहाव्या दिवशी मावशी म्हणाली, "साहेबांनी त्याच्याकडे खुलासा मागितलाय म्हणे. पटला नाही तर डोंगरात कुठेतरी बदली करून पाठवणार."

"पाठवू देत."

"पडले मी. भाजले मी. मी त्याला माफ केलं, तू कोण मधली? आणि हे बघ, चूक झाली की पुरुष हवेवर ढकलतो. याला तर हवेवर ढकलायची सोय होती, तरी नाही ढकलली. उठ. डोळे पूस आधी."

मी डोळे पुसले नाहीत. तशीच भिंतीपलीकडच्या त्याच्या कचेरीत गेले. तो टेबलाशी खुलाशाचा छापील कागद भरत बसला होता. मला बघून उभा राहिला, मी कागद ओढून घेतला. चुकीचे कारण: 'निरीक्षकाचे लक्ष अन्यत्र होते.'

"अन्यत्र?" मी म्हणाले. "दोन वर्षं मी अन्यत्र होते?"

"सरकारी कागद आहे तो..."

"म्हणून खोटं लिहायचं? खोडा ते."

त्याने खोडलं. 'शेजारच्या आवारातील मुलीकडे' असं लिहिलं, नीट, वळणदार अक्षरात.

"साहेब हसतील," तो म्हणाला.

"हसू देत. तुझी बदली झाली तर मी हसणार नाही."

त्याला 'तू' म्हणाले ते मलाही उशिरा कळलं. तो गडबडीने कागदावर वाकला.

"शेवटचा एक रकाना राहिलाय. 'पुन्हा असे घडू नये म्हणून केलेली उपाययोजना.' काय लिहू?"

मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

"लिही, आता ती भिंतीच्या अलीकडे येऊन बसते."