पाणी फिरेपर्यंत

दिवा लावलात ते बरं झालं. बोलताना समोरच्याचा चेहरा दिसलेला बरा वाटतो मला. गोष्ट तशी भर दिवसाची आहे. सकाळी साडेसातला सुरू झाली आणि संध्याकाळी सहाला संपली. निदान तेव्हा मला वाटलं होतं, संपली.

आमचे बाबा जाऊन दीड महिना झाला होता. त्याआधी दोन वर्षं ते अंथरुणावर होते. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. ते दादाकडे असायचे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. दिवसभर उभं राहून साठ-साठ थरांचं कापड कापायचं आणि घरी आल्यावर बाबांचं सगळं करायचं. पडून राहिलं की बाबांना धाप लागायची, म्हणून रात्रीतून पाच-सहा वेळा त्यांना उचलून बसवावं लागे. ते सगळं दादानं केलं. मी रविवारचा मुलगा. पाणीपुरवठ्याच्या पंपावर माझी पाळीची नोकरी, आणि तिचं निमित्त मला दोन वर्षं छान पुरलं.

बाबा गेले, पण दादाची झोप परत आली नाही. डोळा लागला की दीड तासात टक्क उघडायचा. कारखान्यात दोनदा कापायचं मशिन भलतीकडे गेलं. वहिनी मला म्हणाली, "भावजी, ह्यांना एक दिवस कुठंतरी घेऊन जा. पाण्यावर न्या. वाऱ्यानं तरी झोपतील."

म्हणून मी ती सहल ठरवली. नदी समुद्राला मिळण्याआधी जिथं फुटते, शंभर वाटांनी पसरते, तिथल्या खारफुटीच्या जंगलातून होडीनं फिरवायचे. गाईड बरोबर, जेवण होडीतच, संध्याकाळी परत.

मोटरची लांबट होडी होती. वर ताडपत्री, दोन्ही कडांना बाकं. आम्ही पाचच जण होतो. आम्ही दोघं, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी. गाईडबाई पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, गळ्यात शिट्टी. होडी चालवायला एक म्हातारे काका होते. ते मागे सुकाणूपाशी बसले ते बसलेच. त्यांच्या तोंडून शब्द म्हणून निघत नव्हता.

गाईडबाई मात्र छान बोलायच्या. "हे उजवीकडचं बेट तीन वर्षांपूर्वी नव्हतं बरं का. आणि डावीकडे ते मोकळं पाणी दिसतंय ना, तिथं माझं सासर होतं."

"मग सासू कुठं गेली?" नवरी म्हणाली.

"ती माझ्याकडे आली राहायला. नदी नेते ते बरोब्बर नको ते सोडून!"

सगळे हसले. दादाही हसला, पण जरा उशिरा. हल्ली तो सगळंच जरा उशिरा करायचा.

गुरुजी वहीत काहीतरी लिहीत होते. "चाळीस वर्षं फळ्यावर त्रिकोण काढून त्रिभुज प्रदेश म्हणून शिकवला मी," ते म्हणाले. "इथं त्रिकोण कुठाय? हा तर नुसता गुंता आहे."

खरंच गुंता होता. एका वाटेतून दुसरी, तिच्यातून तिसरी. दोन्ही काठांना झाडं, आणि त्यांची मुळं चिखलातून वर आलेली, हजारोंनी, पुरलेल्या माणसांची बोटं बाहेर राहावीत तशी. ती मुळं श्वास घेतात म्हणे. सगळीकडे एक बारीक टिकटिक चालू होती. चिखलातल्या जीवांचा आवाज, असं बाईंनी सांगितलं. वास मात्र सांगता यायचा नाही. कुजलेला पाला, मीठ, आणि बंद खोलीतल्या अंथरुणाला येतो तसला काहीतरी.

जेवण झालं आणि एका अरुंद वाटेत होडी खालून घासली. काकांनी मोटर बंद केली, बांबू टेकवून बघितला आणि मान हलवली. ओहोटी अंदाजापेक्षा लवकर लागली होती. अर्ध्या तासात आमच्या भोवतीचं पाणी उतरून गेलं आणि होडी एका अंगाला किंचित कलून गाळावर बसली. दोन्हीकडे काळा, चकचकीत चिखल.

"घाबरायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "अडीच-तीन तास. भरती लागली की आपोआप उचलेल. चिखलात मात्र कुणी उतरू नका, कमरेपर्यंत जाल."

मग काका उठून आमच्यापाशी आले. "पाणी फिरेपर्यंत कुणी झोपायचं नाही," ते म्हणाले.

"का हो? मगर येते?" नवरा मुलगा हसत म्हणाला.

"मगर आली तर ओरडता येतं," काका म्हणाले आणि परत मागे जाऊन बसले.

बाईंनी हसून विषय बदलला, पण त्यांनी सगळ्यांना पुढे बोलावलं आणि कोडी घालायला सुरुवात केली. कुणी गप्प बसलं की त्या शिट्टी वाजवायच्या. आम्ही दोघं मधल्या बाकावरच राहिलो. वारा पडला होता. ताडपत्रीखाली ऊन झिरपत होतं. टिकटिक, टिकटिक... माझ्याच पापण्या जड झाल्या. मी तोंडावर पाणी मारलं आणि वळून बघितलं, तर दादा झोपला होता.

बसल्या बसल्या, खांबाला डोकं टेकून. तोंड थोडं उघडं. कपाळावरची ती कायमची आठी गेली होती. दोन वर्षांत मी त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता. उठवायला माझा हात पुढे गेला होता, हो. खोटं कशाला बोलू? पण मनात आलं, ह्या माणसाला मी एक रात्रसुद्धा झोपू दिलं नाही, आणि आता कोण कुठला म्हातारा सांगतो म्हणून उठवू? मी त्याची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढली. आणि मागून काकांना दिसू नये असा सरकून बसलो.

दहा मिनिटं झाली असतील. होडी हलली. किंचितच. कुणी कडेवर पाय देऊन उतरावं, आणि तेवढी बाजू वर यावी, तशी. सगळे जागच्या जागी होते. मग आवाज आला. पच्... थोडं थांबून पुन्हा पच्... दमलेला माणूस चिखलातून पाय ओढत चालावा तसा.

मी कडेवरून वाकून बघितलं. दादाच्या बाकाखालून पावलं निघाली होती. अनवाणी माणसाची, एकाच माणसाची. चिखलावरून झाडांकडे गेलेली. शेवटची पाच-सहा माझ्या डोळ्यांसमोर उमटली. वर कुणीच नव्हतं.

मी दादाचा खांदा धरला. "दादा... ए दादा..."

"ओ..."

आवाज दादाचाच. पण तो झाडांतून आला. माझ्या शेजारी त्याचे ओठ हललेसुद्धा नव्हते.

पुढे बसलेल्या नवरीनं मान वर केली. "तिकडे कुणी आहे का?"

बाईंनी काकांकडे बघितलं. काका बांबू टाकून धावत आले. त्यांनी दादाची टोपी उचलली, मग माझ्याकडे बघितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते नुसतेच दमल्यासारखे दिसले.

"किती वेळ झाला?"

"पंधरा मिनिटं..."

"गदागदा हलवू नका. हाक मारा. पाणी फिरायच्या आत आला तर आला."

मी हाका मारल्या. दादा, दादा करून घसा बसला. पहिल्यांदा तो ओ द्यायचा. मग झाडांतून म्हणाला, "पडतो रे जरा..." अगदी समाधानानं. आणि दर खेपेला आवाज थोडा आणखी आत गेलेला. गुरुजी वही छातीशी धरून उभे होते. शेजारी बाकावर दादाचा श्वास चालू होता, पण दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. मी त्याचा हात हातात घेतला. गार. चिखलासारखा गार.

"असा नाही येणार," काका हळू म्हणाले. "कशानं उठतो हा माणूस?"

कशानं उठतो... ते मला ठाऊक होतं. कितीही झोपेत असला तरी दोन वर्षं तो एकाच हाकेनं उठत आला होता. मी डोळे मिटले. जीभ जड केली, तोंड वाकडं केलं, आणि बाबांच्या आवाजात हाक मारली.

"उठव रे... मला..."

बाबांची नक्कल मी आयुष्यात कधी केली नव्हती. ती जमली, आणि जमली म्हणूनच 'मला' म्हणताना बाबा डोळ्यांसमोर आले. तो शब्द मध्येच फाटल्यासारखा झाला.

टिकटिक थांबली. सगळ्या चिखलाची, एकदम.

मग खूप आतून आवाज आला. "आलो."

पच्... पच्... पच्... आता पावलं आमच्याकडे उमटत येत होती. सावकाश, जपून. पण ती वेगळी होती. जाताना बोटं नि टाच तेवढी रुतली होती. येताना प्रत्येक पाऊल घोट्याच्या वरपर्यंत रुतत होतं. काही उचलून आणणाऱ्या माणसाचं रुततं तसं.

होडी कलली. चांगलीच कलली. बाईंनी खांब धरला. आणि दादानं डोळे उघडले.

"किती वाजले?" तो म्हणाला.

तेवढ्यात गाळावर पाण्याची पातळ जीभ सरकत आली. पाणी फिरलं होतं. बघता बघता तिनं ती सगळी पावलं पुसून टाकली.

भरतीनं होडी उचलली आणि आम्ही परत निघालो. धक्क्यावर उतरताना काकांनी मला बाजूला घेतलं. "कुणाच्या आवाजात हाक मारलीत?"

"आमच्या वडिलांच्या."

"आहेत?"

"नाहीत. दीड महिना झाला."

काकांनी एकदा दादाकडे बघितलं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि रिकामी होडी धुवायला लागले.

बसमध्ये दादा खिडकीशी बसला होता. मी विचारलं, "काही स्वप्न पडलं होतं का रे?"

"स्वप्न नाही. छान जागा होती, गार. पडावंसं वाटत होतं. मग उठव म्हणून हाक आली. मी आपला सवयीनं गेलो, काखेत हात घातले, उचललं..." तो थांबला. "हलकं होतं रे खूप. बाबा इतके हलके कधीच नव्हते. अगदी शेवटीसुद्धा नाही."

"मग... कोण होतं?"

"अंधार होता," तो म्हणाला. "आणि एकदा उचलल्यावर खाली कसं ठेवायचं?"

त्यानंतर दादाला झोप लागायला लागली. वहिनीनं फोन करून मला दुवा दिला. कारखान्यातही हात पूर्वीसारखा चालायला लागला म्हणाली. मी मनाशी म्हटलं, झालं ते झालं. महिनाभर मी तिकडे गेलो नाही. खरं तर धीर होत नव्हता.

शेवटी एका रविवारी दुपारी गेलो. वहिनीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ती वाळली होती. "हळू बोला, भावजी," ती कुजबुजली. "हे रागावतात आवाज केला की."

दादा स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला बघून त्याला आनंद झाला. आम्ही पावसापाण्याचं बोललो, त्याच्या कारखान्यात आलेल्या नव्या मशिनचं बोललो. बाबांच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. त्याच्या फटीतून वास येत होता... मी कप खाली ठेवला.

आणि आतून आवाज आला.

"कोण... आलंय?"

बाबांचा नव्हता तो. बाबांचा असता तर मी घाबरलो नसतो. तो माझा होता. होडीत मी जीभ जड करून, तोंड वाकडं करून काढला होता तो आवाज. शेवटचा शब्द तसाच फाटलेला.

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. दादा शांतपणे म्हणाला, "धाकटा आलाय."

मग, थांबत थांबत...

"लांबून आलाय... दमला असेल. त्याला म्हणावं... जरा पड."

दादानं मान डोलावली. उठला, कपाटातून सतरंजी काढली, माझ्या पायांशी नीट अंथरली आणि तिच्यावरची सुरकुती हातानं सारखी केली. मी पळायला हवं होतं, नाही का? दार चार पावलांवर होतं.

पण खरं सांगतो तुम्हाला... मला त्या क्षणी इतकी झोप आली होती.