न ऐकणारी पेटी

लायबा तनुजाच्या वाशीमच्या तपास-कचेरीत आली ती उभीच राहिली. तनुजानं खुर्ची पुढं केली तरी बसली नाही.

"ताई, आज पाच वाजता अभ्यासिकावाले मह्या भावावर, दानिशभाईवर, पोलिसात तक्रार देऊन राह्यले. त्याले रेल्वेत लागल्याचा कागद आला हाये. ठाण्यात नाव गेलं का संपलं सारं."

मंगरूळपीरला राजपालची अभ्यासिका. दीडशे पोट्टेपोट्ट्या तिथं वायफायवर भरतीची तयारी करायचे. महिनाभर ते वायफाय मरत होतं, आणि ते सांभाळणारा दानिशच ते मारतो, असं राजपालनं ठरवून टाकलं होतं.

वाशीमहून बसनं पोचायला बारा वाजले. तनुजासोबत लायबा होती आणि पंजाबराव, कोर्टातले निवृत्त कारकून. जन्मभर त्यांनी फिर्यादी टाइप केल्या. आरोपीचं नुसतं नाव ऐकून माना डोलावणारे लोक पाहिले की त्यांना ओकारी यायची.

"दुसरीकडं लागला, आता जाता जाता आग लावून राह्यला," राजपाल म्हणाला. "रोज वायफाय बंद. शुक्रवारी एक ते अडीच मात्र फुल्ल चालू. तवा हा कुठं असते? नमाजले! आनखी काय पुरावा पाह्यजे?"

"आणखी कधी चाललं?" तनुजानं विचारलं.

"मंगळवारी लाईन गेली तवा. तासभर इन्व्हर्टरवर मस्त चाललं."

"तेव्हा दानिश?"

"इथंच होता. भेला असंन."

पंजाबरावांचं तोंड कडू झालं.

दानिश कोपऱ्यात बसला होता. "पोट्ट्यांनी मही बॅग सर्वांसमोर उलटी केली, काका. जेवनाचा डबाबी उघडून पाह्यला."

झाडता झाडता गोजराबाई मोबाइलवर भजन ऐकत होती. "माह्या फोनवर तं रोज चालते बापा, याच वायफायवर. फोन जुना, म्हनून मले कोनी इचारत नाही."

"वायफायबी वय पाह्यते काय?" पंजाबराव हसले. तनुजा हसली नाही.

समोर युनूसभाईंचं कुलपांचं दुकान. गच्चीवर मोबाइल कंपनीची सिग्नल देणारी पांढरी पेटी. पायरीवर कंपनीचा एजंट हरीओम डेटा पॅक विकायला टेबल मांडून बसलेला, पुढ्यात अभ्यासिकेतल्याच पोरांची रांग.

"वायफाय गेलं का येतात बिचारे," तो म्हणाला. "म्या महिन्याखाली पेटी बसवली म्हनून बरं."

"पेटीले लाईन मह्याच मीटरची," युनूसभाई म्हणाले. "बाकी नमाज मी दुकानातच पढतो, पन शुक्रवारी जुम्म्याले शटर पाडून मशिदीत जातो. एकदा आग लागली होती, तवापासून मेन स्विच पाडल्याबिगर हलत नाही."

साडेचारला तनुजानं सगळ्यांना अभ्यासिकेत बसवलं. वायफाय मेलेलंच होतं.

"युनूसभाई, दुकानात जाऊन मेन पाडा."

मिनिटभरात फोनमागून फोन टुणटुणू लागले. राजपालचा चेहरा उतरला.

"शुक्रवारी दानिश जातो, पण दुकानाची लाईनही जाते," तनुजा म्हणाली. "मंगळवारी दानिश इथंच होता, गेली ती फक्त लाईन. म्हणजे दोन्ही वेळा बंद काय पडलं? ती पेटी. आपलं वायफाय रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, एक जुना, एक नवा. गोजराबाईंचा फोन फक्त जुन्या पट्ट्यावर, म्हणून त्याला धक्का नाही. तुमचे फोन नव्यावर. पेटीही त्याच नव्यावर बोलते."

"त्या पट्ट्याले परवाना लागत नाही मॅडम!" हरीओम उसळला. "सर्व्यांसाठी मोकळा हाये."

"मोकळा आहे, म्हणूनच तिथं रीत आहे. आधी ऐकायचं, कोणी बोलत असेल तर थांबायचं. वायफाय थांबतं. तुझी पेटी थांबतच नाही. दुपारी कंपनीच्या इंजिनिअरशी बोलले. ऐकून थांबण्याची सोय पेटी बसवली त्याच दिवशी बंद झाली. तुझ्या लॉगिननं."

हरीओमनं मान खाली घातली. "टार्गेट होतं."

राजपाल खाकरला. "जाऊ द्या. हरीओम आपल्यातला पोरगा हाये. ठानं कायले? इथंच मिटवू."

पंजाबरावांना वाटलं, इथंच थुंकावं. "त्याच्यासाठी ठानं, याच्यासाठी मिटवू? लाज वाटू दे लेका!" त्यांनी राजपालपुढची तक्रार ओढली, उभी फाडली आणि कोऱ्या कागदावर हरीओमचं नाव लिहिलं. "कर सही. नाही तं खोटी फिर्याद रचली म्हनून तुह्यावर लिहितो."

राजपालनं सही केली. पेन ठेवून तो ओशाळं हसला. "दानिश, गैरसमज झाला बेटा. सोमवारी येजो कामाले."

दानिशनं बॅग खांद्याला लावली. "नाही येत," तो म्हणाला, आणि लायबासोबत पायऱ्या उतरला.