अर्धा खर्च तुमचा, अर्धा माझा

वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते, डोकं मात्र अडलं होतं... आणि नेमका तेव्हाच गोठ्याबाहेर धाडकन आवाज झाला.

डॉक्टर धम्मशीलाने मान वळवली नाही. वळवायला सवडच नव्हती. किसनराव म्हातारा गाईचं दावं धरून उभा होता, आणि कळ आली की गाय त्यालाच ओढत होती.

"थे पांढरी गाडी कोनाची हो?" दारातून एक घाबराघुबरा आवाज आला. "माफ करा... माहा पिकअप उतारावरून—"

"पाय धरा!" धम्मशीला ओरडली.

पावलं लगबगीने आत आली आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी वाकून तिच्या चिखलाने भरलेल्या गमबुटांना हात लावला.

"माझे नाही हो! वासराचे!"

कळा देणाऱ्या गाईसमोर किसनराव फिस्सकन हसला. तो अनोळखी तरुण लाजेने लाल झाला, पण वासराचे पाय त्याने घट्ट धरले. "आता... हळू... खाली ओढा," असं ती सांगत गेली, तसं तो ओढत गेला. आणि ओलंचिंब तांबडं वासरू एकदम दोघांच्या मधे येऊन पडलं. त्याने एक शिंक दिली. तरुणाचा अख्खा सदरा भरला होता, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो नुसता वासराकडे बघत होता, मग त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि तिला उगाचच पदर नसलेल्या ॲप्रनचा पदर सावरावासा वाटला.

बाहेर आल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. मिरचीच्या रोपांनी भरलेला पिकअप तिच्या गाडीला रेलून उभा होता. गाडीची डिकी पार आत गेली होती, मागची काच रस्त्यावर सांडली होती.

उन्हाळ्यातच घेतलेली गाडी. एका निवृत्त मास्तरांकडून, जुनीच, पण तिच्या घरातली पहिली. तिच्या वडिलांनी, भाऊरावांनी, जन्मभर एसटी चालवली, पण घरच्या गाडीत ते पहिल्यांदा बसले ते लेकीच्या.

"हँडब्रेक लावाचा राहून गेला," तो म्हणाला. "चूक माही हाये, सगळी. खर्च मी देतो."

धम्मशीला बघत राहिली. गाडी चालवायला लागल्यापासून रस्त्यावर तिने एकच ऐकलं होतं, बाई आहे, तिलाच चालवता येत नसेल. चूक माझी, असं म्हणणारा हा पहिला.

"इन्शुरन्स आहे," ती म्हणाली. "कंपनी देईल. मला काळजी वेगळीच आहे... गुरांना लाळ-खुरकुताच्या लसी सुरू झाल्या. गावोगावी जायचं कसं?"

"मी नेतो," तो पटकन बोलून गेला. "मले रोपं पोचवाले तसंही रोज फिराच लागते."

त्याचं नाव शेखर. जानेफळला रोपांची नर्सरी. गाडी मेहकरच्या गॅरेजमध्ये गेली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पिकअप धम्मशीलाच्या दारात उभा राहिला.

थंडीचे दिवस. शेतांवर धुकं उतरलेलं, तुरी फुलावर आलेल्या. मागे मिरची-वांग्याची रोपं, पुढे मांडीवर लसींचा डबा घेतलेली ती. गाडीत ओल्या मातीचा वास दरवळायचा. ती गोठ्यात शिरली की तो बाहेर थांबायचा... मग थांबता थांबता गुरं धरायला लागला. एका म्हशीने त्याला चिखलात लोळवलं, तेव्हा धम्मशीला इतकी हसली की सुई हातातच राहिली.

"हसा, हसा," तो शर्ट झटकत म्हणाला. "इन्शुरन्स नाई ना माहा."

दुपारी तो जेवणाचा डबा उघडायचा. त्याची आई, आशाबाई, दोघांच्या पुरत्या भाकरी द्यायची.

"शेखरभाऊ, ठेचा फारच तिखट आहे हो!"

तो थांबला. हातातला घास तसाच.

"मॅडम... एक सांगू? थे भाऊ म्हननं सोडा."

"काऊन?" ती मुद्दाम त्याच्या बोलीत म्हणाली. "इकडे तर सगळेच भाऊ."

"म्हनूनच तं..." तो भाकरीकडे बघत पुटपुटला. "सगळ्यायतला एक नाई व्हाचं मले."

ठेच्याने की कशाने, तिचे कान तापले. मग ती त्याला कोणत्याच नावाने हाक मारेना. नुसतं "अहो" म्हणायची... आणि ते तर भाऊपेक्षा भलतंच होऊन बसलं!

कंपनीचा फोन आला तेव्हा ते एका पाणवठ्यापाशी होते. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. गाडी धम्मशीलाच्या नावावर झाली होती, पण विमा अजून जुन्या मास्तरांच्याच नावावर होता. म्हणून पैसे मिळणार नाहीत. शेखरच्या पिकअपच्या विमा कंपनीने तर आधीच हात वर केले होते, कोर्टात जा म्हणून.

तिने फोन ठेवला. डोळे भरून आले.

"काय म्हने?"

"नाही म्हणाले."

शेखरच्या चेहऱ्यावर चक्क हसू फुटलं.

"अहो, तुम्ही हसून राह्यले?"

"मंग काय करू? पह्यल्या दिवशीच बोललो होतो, खर्च माहा. मधात थे कंपनी आली. आता गेली बिचारी."

"तुमचा कशाला? नाव बदलायचं मी विसरले!"

"अन् ब्रेक लावाचा मी इसरलो!"

भांडण मेहकरपर्यंत पुरलं आणि तिच्या घरात शिरलं. सिंधूताईंनी, तिच्या आईने, चहा टाकला. "जय भीम, काका," म्हणून शेखर भाऊरावांसमोर अवघडून बसला. भाऊरावांनी दोघांचं शांतपणे ऐकलं.

"उतारावर गाडी गिअरमधी टाकून उभी करावी. ड्रायव्हरले हे समजत नाई?" ते शेखरला म्हणाले. शेखरने मान खाली घातली. मग ते लेकीकडे वळले. "अन् डॉक्टरीनबाई, गाईच्या पोटातलं दिसते तुले, पॉलिसीवरचं नाव नाई दिसत? अर्धा खर्च त्याचा, अर्धा तुहा. चहा घ्या."

निकाल लागला. चहाच्या कपाआडून शेखरने तिच्याकडे पाहिलं. जणू त्याला काही बक्षीसच मिळालं होतं.

पण त्याच्या घरी निकाल इतका सोपा नव्हता. त्याने तो तिच्यापासून लपवलाही नाही.

"बाबा चिडले हायेत," दुसऱ्या दिवशी गाडी चालवता चालवता तो म्हणाला. त्याचे वडील शेषराव, गावातले मोठे शेतकरी. "म्हनतात, पैसे कंपनी देईन नाईतर ते लोक पाहतीन. अन् रोज सकाळी त्यायच्या दारात आपली गाडी काऊन उभी राह्यते?"

"त्यांच्या... म्हणजे आमच्या," धम्मशीला म्हणाली.

"हाव."

"मग?"

"मंग काय? आज सकाळी उभी नव्हती का?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. तुरीची पिवळी शेतं मागे पळत होती. गोठ्यांच्या दारात घालवलेल्या त्याच्या सकाळी, आईचा डबा, आणि आता वडिलांचा राग... हा माणूस किती देऊन राहिला होता, आणि वर म्हणत होता, अर्धाच खर्च दिला.

मग गाडी दुरुस्त झाल्याचा गॅरेजमधून फोन आला.

धम्मशीलाने तो घेतला, "येते हं," म्हणाली... आणि गेली नाही. सकाळी पिकअप आला तेव्हा मुकाट्याने चढून बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मनात मात्र चोरी. ज्याचे उपकार फेडायचे त्यालाच फसवत होती ती! तिसऱ्या सकाळी तिला राहवेना.

"अहो... गाडी थांबवा."

त्याने थांबवली. यावेळी हँडब्रेक आठवणीने ओढला.

"माझी गाडी... तयार आहे. तीन दिवस झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही."

तिने घाबरून त्याच्याकडे पाहिलं, तर तो ओठ दाबून हसू आवरत होता.

"मिस्त्रीनं मले तुमच्या आधी फोन केल्ता," तो म्हणाला. "अर्धा खर्च माहा नाई का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? तरी येत होते?"

"तुमी बसत होत्या. मी येत होतो."

ती हसली, आणि हसता हसता रडू आलं. "मला नुसते उपकार मानायचे नाहीत तुमचे," ती म्हणाली. "उपकार तर आहेतच... पण ते नसते तरी... तरी मी बसलेच असते."

शेखरने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"मॅडम, लगन कराल माह्यासंग? घरी भांडन होईन. होऊ द्या. मी माघार घेनार नाई."

"आधी मॅडम म्हणणं सोडा," धम्मशीला म्हणाली.

भांडण झालंच. शेषराव लेकाशी बोलेनासे झाले. आशाबाई मात्र रोज ताटावर एकच विषय काढत राहिली, आणि एका रविवारी पिकअप पुन्हा भाऊरावांच्या दारात आला. आशाबाई उतरून थेट सिंधूताईंकडे स्वयंपाकघरात गेली. शेखरही उतरला.

शेषराव उतरले नाहीत. पुढच्या सीटवर समोर बघत बसून राहिले.

भाऊराव उठू लागले, तर धम्मशीलाने त्यांना थांबवलं. चहाचा कप घेऊन तीच बाहेर गेली आणि पिकअपच्या खिडकीपाशी उभी राहिली. कप पुढे केला. शेषरावांनी कपाकडे पाहिलं, मग अंगणातल्या तिच्या गाडीकडे. डिकीवरचा नवा रंग उन्हात चमकत होता.

"कंपनीनं काईच नाई देल्लं म्हनता?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "बरं झालं, बाबा. तिनं दिलं असतं तर मला तुमचा मुलगा कळलाच नसता."

शेषरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. त्यांनी कप घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा.

"साखर कमी हाये," ते म्हणाले, आणि दार उघडून खाली उतरले. "चाल... आत चाल, पोरी. थंडी हाये बाहेर."